घराच्या स्कीमला उत्पन्न किती चालतं? गोव्यातल्या नवख्यांसाठी, फॉर्म भरणाऱ्याच्या खुर्चीतून

डिचोलीला बस स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आत एक कॉम्प्युटर आणि त्यावर दिवसभर लोकांचे फॉर्म. गृह आधार (गृहिणींना महिन्याला पैसे देणारी गोव्याची योजना), रेशन कार्ड, वीज बिल, आणि हल्ली सगळ्यात जास्त विचारणा पंतप्रधान आवासची. येणारा प्रत्येक माणूस पहिलं तेच विचारतो, "लिमिट किती आहे?" लिमिट सांगायला मला दहा सेकंद लागतात, पुढचा अर्धा तास जातो तो तुमच्या घरात कोण कोण धरायचं आणि कुणाचे पैसे मोजायचे ह्यात. तेच तेच बोलून घसा बसला म्हणून आज दुकान बंद केल्यावर सगळं टाइप करतोय, जमेल तसं वाचा.

आकडे आधी देतो म्हणजे मन शांत होईल. शहरी स्कीमचं आत्ताचं नाव पंतप्रधान आवास योजना शहरी २.०, ती १ सप्टेंबर २०२४ पासून चालू झाली. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट), ३ ते ६ लाख एलआयजी (अल्प उत्पन्न गट), ६ ते ९ लाख एमआयजी (मध्यम उत्पन्न गट). ९ च्या वर गेलात की ह्या स्कीमचा दरवाजा बंद. एवढंच.

आता हे एवढंच असूनही गोंधळ का होतो तर यूट्यूबमुळे. २०१५ च्या जुन्या योजनेत एमआयजीचे दोन भाग होते, एक १२ लाखांपर्यंत आणि दुसरा १८ लाखांपर्यंत, ते व्हिडिओ अजून फिरतायत आणि लोक मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून सांगतात की बघ, १८ लाख चालतं. चालायचं तेव्हा, आता नाही. जुन्या योजनेची एमआयजीची व्याज सबसिडी मार्च २०२१ ला संपली, ईडब्ल्यूएस-एलआयजीची मार्च २०२२ ला. दुसरा घोळ म्हाडाच्या व्हिडिओंचा. मराठीत शोधलं की आधी म्हाडाच येतं आणि तिथे मुंबई-पुण्याला ईडब्ल्यूएस ६ लाखांपर्यंत, एलआयजी ९ लाखांपर्यंत असं ऐकायला मिळतं. ते बरोबरच आहे, पण महाराष्ट्रासाठी. पत्रादेवीची हद्द ओलांडून इकडे गोव्यात आलात की त्या आकड्यांचा काही उपयोग नाही.

आणि तिसरा, सगळ्यात वाईट. ईडब्ल्यूएस हा शब्दच दोन ठिकाणी आहे. कॉलेज ॲडमिशन आणि सरकारी नोकरीत जे १० टक्के आरक्षण २०१९ ला आलं त्याची मर्यादा ८ लाख. पोराच्या ॲडमिशनसाठी काढलेलं ते सर्टिफिकेट घेऊन माणूस येतो आणि म्हणतो मी ईडब्ल्यूएस आहे, हे बघ, मामलेदाराचा शिक्का. अरे बाबा, तो ईडब्ल्यूएस वेगळा, घराचा वेगळा. घराला ३ लाख. हे सांगितल्यावर माणसाचा चेहरा पडतो आणि तो मलाच रागावून बघतो, जणू काय मी लिमिट ठरवली.

पहिलं काम: तुम्ही शहरात की गावात ते बघा

हे गोव्यात दिसतं तेवढं सरळ नाही. पणजी महापालिका आणि १३ नगरपालिका, म्हणजे म्हापसा, मडगाव, मुरगाव, फोंडा, डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे, केपे, कुडचडे-काकोडा, कुंकळ्ळी, सांगे, काणकोण, ही सरळ सरळ शहरं. पण पर्वरीला उंच उंच बिल्डिंगा आहेत, मॉल आहे, विधानसभा आहे आणि तरी तिथे पंचायत आहे. ताळगावला तेच. शहरी योजनेत नुसत्या पालिकाच नाहीत, अधिसूचित नियोजन क्षेत्रातले भागही येऊ शकतात, त्यामुळे पंचायतीत राहणाऱ्याने स्वतःच ठरवून टाकू नये, आधी विचारावं. शहरी बाजू गोव्यात जीसुडा म्हणजे राज्य नागरी विकास एजन्सी बघते, गावाची बाजू बीडीओ ऑफिस आणि पंचायत.

गावच्या योजनेत, म्हणजे ग्रामीण आवासमध्ये, ईडब्ल्यूएस-एलआयजी हा प्रकारच नाही. तिथे उलटं चालतं, अमुक असेल तर नाव कट. घरातला कुणीही एक माणूस महिन्याला १५ हजारांच्या वर कमावत असेल तर बाहेर (आधी १० हजार होतं, २०२४ ला वाढवलं). इन्कम टॅक्स किंवा प्रोफेशनल टॅक्स भरता, बाहेर. घरात सरकारी नोकर, बाहेर. अडीच एकर किंवा जास्त ओलिताखालची जमीन, बाहेर. तीन चाकी-चार चाकी गाडी, बाहेर. ही गाडीची अट आपल्याकडे कितीजणांना नडते विचारू नका, घर पडायला आलंय पण पोराने कर्ज काढून टॅक्सी घेतलीय, दारात पिवळी-काळी पाटी लावून उभी. दुचाकी आणि फ्रीज मात्र आता चालतो, २०२४ च्या बदलात ते काढून टाकलं, त्यामुळे फ्रीज लपवायची गरज नाही. एका बाईने खरंच शेजाऱ्याकडे नेऊन ठेवला होता.

इथून पुढे मी शहरी योजनेचंच सांगतो कारण उत्पन्नाची मोजदाद तिथेच जास्त अडते.

दुसरं: कुटुंब म्हणजे कोण

स्कीमच्या भाषेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं-मुली. बस. तुमची आई नाही, भाऊ नाही, रेशन कार्डावर दहा नावं असली म्हणून दहाजण एक कुटुंब होत नाही. लग्न झालेला मुलगा त्याच घरात, त्याच चुलीवर जेवत असला तरी तो आणि त्याची बायको वेगळं कुटुंब.

गेल्या पावसात एक बाई आली, साड्यांच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, त्यात सगळे कागद, आणि पिशवीला वरून रबर बँड. नवरा मिनीबस चालवतो, महिन्याला १६ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ९२ हजार. म्हणाली, ३ लाखांच्या खाली आहे ना, भर फॉर्म. मी विचारलं घरात आणखी कोण कमावतं? कोण नाही. मुलं? एक मुलगा आहे, वेर्णाला कंपनीत जातो, पण त्याचे पैसे त्याच्याकडे, तो घरात देत नाही हो काही. लग्न झालंय? नाही. मग धरावे लागणार. तिने फोन लावून त्याला पगार विचारला, तो म्हणाला १२ हजार सातशे, ते हातात येणारे, स्लिप मागवून बघितली तर वरचा आकडा साडेचौदा हजार. म्हणजे १ लाख ७४ हजार. मागची खोली भाड्याने दिलेली, महिना ३ हजार, वर्षाचे ३६ हजार. मी कॅल्क्युलेटर तिच्याकडे फिरवला, बेरीज ४ लाख २ हजार. ईडब्ल्यूएस गेलं, एलआयजीत आली.

बाई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आणि त्याचं लग्न लावलं तर?" मी म्हटलं मग तो वेगळं कुटुंब, तुमचं उरतं २ लाख २८ हजार, परत ईडब्ल्यूएस. "मगे लग्नच लावूया, नाहीतरी ऐकत नाही मेला," म्हणाली आणि दुकानातली सगळी हसली. पण गणित तिने माझ्यापेक्षा लवकर पकडलं.

तिसरं: बेरीज करा, आणि वरच्या आकड्याची करा

वर्षाचं सगळं उत्पन्न. पगार घ्यायचा तो पीएफ-ईएसआय कापायच्या आधीचा, हातात येणारा नाही. त्यात भाडं, दुकानाचा नफा (विक्री नव्हे, नफा), एफडीचं व्याज, पेन्शन, ओव्हरटाइम. पाव्हण्यांना रूम देता सिझनला, ते पण. नवरा बोटीवर असेल, तारवटी, तर त्याचे पैसेही कुटुंबाचेच, डॉलरमध्ये येतात म्हणून ते वेगळे होत नाहीत.

सिझनवाल्यांनी एक लक्षात ठेवा. शॅकवर काम करणारा पोरगा मला सांगतो पगार २२ हजार आणि फॉर्ममध्ये आपणच २२ गुणिले १२ करून २ लाख ६४ हजार टाकतो. अरे पण पावसात शॅक मोडून ठेवतात, तू सात महिने काम करतोस, तुझं झालं १ लाख ५४ हजार, आणि बाकीचे महिने भावाबरोबर पेंटिंगला जातोस त्याचे जे काय ३०-४० हजार होतात ते त्यात घाल. वर्षाचं म्हणजे वर्षाचं खरं. सिझनच्या सगळ्यात भरलेल्या महिन्यावरून वर्ष काढायचं नाही, आणि ऑगस्ट महिन्यावरून पण काढायचं नाही, जे बरेचजण करतात.

आता फक्त गोव्यातच असलेली भानगड. आपल्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोड, नवरा-बायकोची संपत्ती सामायिक धरणारा, त्यामुळे इन्कम टॅक्स कायद्यात आपल्यासाठी वेगळं कलम आहे (१९६१ च्या कायद्यात ते ५ए होतं). पगार सोडून बाकीचं उत्पन्न, धंदा, भाडं, व्याज, नवरा-बायकोत अर्धं अर्धं वाटून रिटर्नमध्ये दाखवायचं. टॅक्ससाठी छान आहे. पण माणूस घराच्या फॉर्मला फक्त आपला रिटर्न आणतो आणि म्हणतो हे बघ, अडीच लाखच आहे. समजा हार्डवेअरच्या दुकानात वर्षाला ५ लाख नफा आहे, अडीच त्याच्या रिटर्नला, अडीच बायकोच्या. बायको प्रायव्हेट शाळेत शिकवते, पगार वर्षाला २ लाख ४० हजार, तो तिच्याच रिटर्नला. त्याचा कागद बघितला तर ईडब्ल्यूएस, तिचा बघितला तर ४ लाख ९० हजार म्हणजे एलआयजी, आणि खरं कुटुंबाचं ७ लाख ४० हजार, एमआयजी. दोन्ही रिटर्न समोर ठेवूनच बेरीज करायची. हे मी सीए असलेल्या एका गिऱ्हाइकाकडून शिकलो, त्याआधी मीही अर्धंच धरायचो आणि दोन फॉर्म तसेच गेले माझ्या हातून. दोन्ही परत आले.

चौथं: तुमच्या गटाला मिळतं काय ते बघा, नाहीतर धावपळ फुकट

स्वतःच्या जागेवर घर बांधायला जे पैसे मिळतात ते फक्त ईडब्ल्यूएसला. केंद्राचे दीड लाख, राज्याचा वाटा त्याच्यावर. घर ३० ते ४५ चौरस मीटर कार्पेटचं. म्हणून ती बाई ३ लाखांसाठी एवढी अडून बसलेली, ४ लाखांवर गेली की हा भाग हातचा जातो.

एलआयजी-एमआयजीला उरते ती मुख्यतः व्याज सबसिडी (ईडब्ल्यूएसलाही चालते, पण दोन्ही एकदम नाही, एकच निवडायचं). घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, होम लोन २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सबसिडी, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीला धरून. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही एकदम नाही, पाच वर्षं ३६-३६ हजार. आणि प्रत्येक हप्त्याच्या वेळी लोन चालू पाहिजे, मुद्दल अर्ध्याहून जास्त बाकी पाहिजे, म्हणजे मधेच सोनं विकून लोन फेडलंत तर पुढचे हप्ते गेले. लोन १ सप्टेंबर २०२४ नंतरचं हवं. पणजी-पर्वरीत ३५ लाखांत काय मिळतं ते मला विचारू नका, पण फोंडा, साखळी, कुडचड्याच्या बाजूला शोधणाऱ्यांना उपयोग आहे. ह्यासाठी बँकेत विचारायचं, सबसिडीचा दावा बँकेमार्फत पुढे जातो.

गोवा हाउसिंग बोर्ड हे पूर्ण वेगळं दुकान. गोगोळ, रुमडामळ, कोलवाळ ह्या वसाहती त्यांच्या. त्यांचे प्लॉट-फ्लॅट जाहिरात देऊन निघतात आणि गट, मर्यादा, गोव्यात किती वर्षं राहिलात ह्या अटी त्या त्या जाहिरातीत छापलेल्या असतात, तीच प्रमाण. मागच्या वेळी चुलत्याला काय लागलं होतं त्यावर जाऊ नका. एसटी समाजासाठी अटल आसरा आहे, ती आदिवासी कल्याण खात्याकडे. आणि "माझे घर" म्हणून जे चाललंय ते असलेली घरं कायदेशीर करण्याचं, त्याचा ह्या उत्पन्नाच्या गटांशी संबंध नाही, त्या रांगेत हा फॉर्म घेऊन उभे राहू नका.

पाचवं: उत्पन्न बसलं तरी घर आडवं येतं

अट अशी की कुटुंबात कुणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नको, आणि गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. ही दुसरी अट लोक विसरतात. २०१० ला घरदुरुस्तीचे पैसे घेतले होते की आणखी कसले ते आठवून बघा, जुनी फाइल काढा.

पक्क्या घराचं मात्र आपल्याकडे अवघड जागेचं दुखणं आहे. वडील गेले की एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमीन नोंदीच्या) उताऱ्यावर सगळ्या वारसांची नावं, सहा भाऊ-बहिणी आणि त्यांचे नवरे-बायका, घर एक आणि नावं बारा. तुम्ही तिथे राहतही नाही, भाड्याच्या खोलीत दिवस काढता, तरी उताऱ्यावर तुम्ही आहात. त्यात आपल्या कायद्याने लग्नानंतर संपत्ती दोघांची सामायिक, वेगळा करार केला नसेल तर वारशाने आलेलीसुद्धा, म्हणजे बायकोच्या माहेरच्या इन्व्हेंटरीत (वारसा वाटणीच्या कोर्टाच्या कामात) तिचं नाव निघालं तर तुमच्याही फॉर्मला ते लागू. ह्यावर माझा सल्ला एकच, लपवू नका. उताऱ्याची कॉपी, कुणाचा किती हिस्सा आणि प्रत्यक्षात कोण राहतं हे एका साध्या अर्जावर लिहून आधीच पालिकेत द्या आणि पोच घ्या. मंजुरीनंतर शेजाऱ्याने तक्रार केली आणि मग कळलं, त्यापेक्षा आधी "नाही" ऐकलेलं परवडतं. मुंडकारांनी, म्हणजे ज्यांचं घर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत आहे त्यांनी, मुंडकार म्हणून नोंद झालीय का आणि जागा विकत घेण्याचा व्यवहार पुरा झालाय का तो कागद आधी शोधावा, कायदा १९७५ चा आहे पण अर्ध्या घरांत केस अजून मामलेदारांकडेच पडलेली असते.

सहावं: दाखला

इन्कम सर्टिफिकेट मामलेदार देतात, अर्ज गोवा ऑनलाइनवर करता येतो. पगाराची स्लिप किंवा मालकाचं पत्र, रिटर्न असेल तर रिटर्न, रेशन कार्ड, आधार, वर स्वतःचं प्रतिज्ञापत्र. तलाठ्याचा फोन आला तर उचला, अनोळखी नंबर म्हणून कट करणारे माझे किमान पाच गिऱ्हाईक आहेत आणि पाचहीजण नंतर म्हणतात सरकार काम करत नाही. दाखल्यावर कुठल्या वर्षाचं उत्पन्न लिहिलंय आणि तो कधीपर्यंत चालतो हे हातात पडल्या पडल्या बघा.

आणि आता ते जे कुणी बोलत नाही. गृह आधारला दाखवायचं ३ लाखांच्या खाली, कारण तिथेही मर्यादा ३ लाखच आहे, आणि बँकेत लोनसाठी दाखवायचं ७ लाख, कारण नाहीतर बँक लोन देत नाही. असं करणारे रोज येतात, मला म्हणतात तू फक्त टाइप कर. मी करत नाही. सगळं आधारला जोडलेलं आहे, दोन आकडे एकाच नंबरखाली येऊन बसतात, आणि मग घराची सबसिडी तर जातेच, गृह आधारचे महिन्याचे दीड हजार पण थांबतात. वाढलं असेल उत्पन्न तर वाढलं म्हणून सांगावं.

नावाचं पण बघा. माझा स्वतःचा अर्ज तीन महिने अडकला होता, आधारवर आडनाव एका स्पेलिंगने, बँकेत दुसऱ्या, आणि दाखल्यावर तिसरंच, ऑफिसात म्हणाले तीन माणसं आहेत ही. इतरांचे फॉर्म भरणारा मी, आणि स्वतःचं आडनाव बघितलं नव्हतं. गावकर, गावस, गांवस लोकांनी तर फॉर्म उघडायच्या आधी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडून अक्षरं जुळवावीत. बँक खातं आधारला जोडलेलं आणि चालू आहे ना तेही त्याच दिवशी तपासा, दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बंद पडलेलं निघतं.

घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर घ्यायचं असतं, तेव्हा बायकोला दुकानात बरोबर आणा, तिचा आधारचा मोबाईल पण आणा, ओटीपी त्यावर येतो. निम्मे नवरे एकटे येतात, मग तिला फोन, ती शेतात, रेंज नाही, ओटीपी गेला. फॉर्म गेल्यावर जो नंबर येतो तो फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, वहीत लिहा, किंवा सरळ रेशन कार्डाच्या कव्हरवर पेनाने. त्या मिनीबसवाल्या बाईने पिशवीवरच लिहिलाय, मार्करने, मोठ्या अक्षरात.